रजोनिवृत्ती

रजोनिवृत्ती म्हणजे अंडाशयांचे कार्य थांबल्यामुळे स्त्रीची मासिक पाळी कायमची बंद होणे होय. बोलीभाषेत याला 'पाळी जाणे' म्हणतात. 'मेनोपॉज' हा शब्दही आता रूढ झाला आहे. दुसरे काही कारण नसताना सलग १२ महिने पाळी आली नाही, तर शेवटच्या पाळीचा दिवस हा रजोनिवृत्तीचा दिवस मानतात. त्यामुळे तिचे निदान नेहमी मागाहूनच होते. भारतीय स्त्रियांमध्ये ती सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी, तर पाश्चात्त्य देशांत ५१ व्या वर्षाच्या सुमारास येते. ४० वर्षांपूर्वी आल्यास तिला 'अकाली' म्हटले जाते. दोन्ही अंडाशये शस्त्रक्रियेने काढल्यास ती कोणत्याही वयात एकाएकी येते. ही शस्त्रक्रियाजन्य रजोनिवृत्ती होय. महाराष्ट्रात २०१९ पासून या विषयाची सार्वजनिक चर्चा झाली ती मुख्यतः बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या संदर्भात.

सुश्रुतसंहितेत रजःस्रावाचा काळ १२ ते ५० वर्षे असा दिला आहे. 'मेनोपॉज' या शब्दाचे मूळ रूप फ्रेंच वैद्य गार्दान यांनी १८२१ मध्ये प्रचारात आणले.

संक्रमणकाळ

मुलीच्या जन्माच्या वेळी तिच्या अंडाशयांत सुमारे १० ते २० लाख स्त्रीबीजे असतात. नवी तयार होत नाहीत. वयात येईपर्यंत त्यांपैकी तीन-चार लाख उरतात आणि सबंध आयुष्यात जेमतेम ४०० ते ५०० परिपक्व होऊन बाहेर पडतात; बाकीची आपोआप नष्ट होतात. हा साठा संपत येतो तेव्हा सुरू होणाऱ्या काही वर्षांच्या अवस्थेला रजोनिवृत्तीचा संक्रमणकाळ किंवा पेरिमेनोपॉज म्हणतात.

या काळात इस्ट्रोजेन एकसारखे घटत जाते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते चढउतार करते आणि काही महिने नेहमीपेक्षा जास्तही असते. बीजपुटिका कमी झाल्याने इनहिबिन हे संप्रेरक घटते, पीयूषिका ग्रंथीवरील अंकुश सैल होतो आणि ती एफएसएच अधिक प्रमाणात स्रवते. ज्या महिन्यात स्त्रीबीज बाहेर पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही; गर्भाशयाचे अस्तर इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली जाड होत राहते आणि मग पाळी उशिरा, पण पुष्कळ रक्तस्रावासह येते. चाळिशीतील अनेक स्त्रियांच्या 'अंगावरून फार जाते' या तक्रारीमागे हे कारण असते. मात्र गाठी, थायरॉईडचे विकार आणि क्वचित कर्करोग यांतही असाच रक्तस्राव होतो, म्हणून तपासणी आवश्यक असते. रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव झाल्यास तो थोडासा असला तरी दुर्लक्षित करू नये.

एकाएकी अंगातून वाफा निघाल्यासारखे वाटणे, रात्री घाम येणे, झोपमोड, चिडचिड, सांधेदुखी आणि योनिमार्गाचा कोरडेपणा ही प्रमुख लक्षणे होत. वाफांचे मूळ मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात आहे. तेथील काही चेतापेशी इस्ट्रोजेनच्या अभावी अतिसक्रिय होतात आणि शरीराचे तापमान-नियंत्रण बिघडवतात. हाडांची झीज मात्र कोणतेही लक्षण न दाखवता चालू असते. ती शेवटच्या पाळीच्या आसपासच्या काही वर्षांत सर्वांत वेगाने होते.

गर्भाशय काढणे आणि रजोनिवृत्ती

ग्रामीण महाराष्ट्रात 'पिशवी काढली' एवढ्याच शब्दांत सांगितल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचे दोन वेगळे प्रकार आहेत. केवळ गर्भाशय काढले तर पाळी बंद होते, पण अंडाशये संप्रेरके स्रवत राहतात. ही खरी रजोनिवृत्ती नव्हे. तथापि अशा स्त्रियांत अंडाशयांचे कार्य काहीसे लवकर मंदावते, असे अभ्यासांत आढळले आहे. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर इस्ट्रोजेनची पातळी काही दिवसांतच कोसळते. संक्रमणकाळाची वर्षे मिळतच नाहीत, लक्षणे तीव्र असतात आणि पुढे अस्थिसुषिरता व हृदयविकार यांचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया जितक्या कमी वयात, तितका हा धोका अधिक. म्हणून अंडाशये ठेवली की काढली, ही नोंद रुग्णेजवळ असणे पुढील उपचारांसाठी अत्यावश्यक ठरते.

बीड जिल्ह्यातील प्रकरण

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पतिपत्नींच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल ही दोघांनी मिळून फेडायची असते. कामात खाडा झाल्यास दंड पडतो. फडावर शौचालय नसते, पाणी अपुरे असते, आणि मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरायची असते. अशा स्थितीत पाळीचे चार दिवस किंवा अंगावरून पांढरे जाणे हे दुखण्याइतकेच मजुरी बुडण्याचेही कारण होते. त्यातच 'पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल' ही भीती घातली जात असल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले.

२०१९ मध्ये हा प्रश्न वृत्तपत्रांतून पुढे आला. विधिमंडळात तो उपस्थित झाल्यावर, जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढण्यात आल्याची माहिती तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी दिली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणानुसार ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांचे, गर्भाशय काढलेले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटासाठी देशभरातील हेच प्रमाण सुमारे ३ टक्के आढळले आहे. दोन्ही सर्वेक्षणांतील वयोगट तंतोतंत सारखे नसल्याने तुलना जपून करावी लागते, तरीही अंतर मोठे आहे.

या शस्त्रक्रियांना केवळ खासगी रुग्णालयांचा नफा कारणीभूत होता, असे म्हणणे अपुरे ठरेल. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला होता. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. पांढरे जाण्यामागील बहुतेक संसर्ग साध्या औषधांनी बरे होतात. ते उपचार जवळपास मिळत नसतील, तर शस्त्रक्रिया हाच एकमेव उपाय म्हणून समोर येतो. विटाळाच्या रूढीचाही यात वाटा आहे. पाळी गेलेल्या स्त्रीवर देवघर व स्वयंपाकघराची बंधने राहत नाहीत, त्यामुळे मुले झाल्यावर पाळी लवकर गेलेली बरी, असे अनेक घरांत मानले जाते.

अन्य राज्यांतील अशाच शस्त्रक्रियांविषयीच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये, अनावश्यक गर्भाशय काढणे रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला.

उपचार

तीव्र वाफांवर इस्ट्रोजेन हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. गर्भाशय असलेल्या स्त्रीला अस्तराचा कर्करोग टाळण्यासाठी त्यासोबत प्रोजेस्टेरॉन-वर्गीय औषध द्यावे लागते. गर्भाशय काढलेल्या स्त्रीला सहसा एकटे इस्ट्रोजेन पुरते. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या चाचणीचा संयुक्त औषधांचा भाग २००२ मध्ये स्तनकर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे दिसल्याने थांबवण्यात आला आणि जगभर या उपचारांचा वापर एकदम घटला. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पुढील विश्लेषणांत, साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीनंतर १० वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्या निरोगी स्त्रियांसाठी फायदा-तोट्याचे गणित बरेच अनुकूल असल्याचे दिसून आले. अकाली किंवा शस्त्रक्रियाजन्य रजोनिवृत्तीत, स्तनकर्करोगासारखी अडचण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या सरासरी वयापर्यंत संप्रेरके घेण्याची शिफारस केली जाते. संप्रेरके चालत नसलेल्या स्त्रियांसाठी काही नैराश्यविरोधी औषधे कमी मात्रेत वापरतात; वाफांसाठी खास विकसित केलेल्या फेझोलिनेटंट या संप्रेरकविरहित औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व आणि भार पेलणारा व्यायाम यांचा सल्ला सर्वच स्त्रियांना दिला जातो. ऊसतोडीत भार पेलण्याची वाण नसते, पण आहार अपुरा असेल तर त्या श्रमाने हाडे बळकट होतीलच असे नाही.