जुन्या डाय-कास्ट मोटारींना नवे रूप

माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात किंवा मुंबईच्या चोरबाजारात आजही बोटभर लांबीच्या धातूच्या जुन्या मोटारी हाती लागतात. रंगाचे टवके उडालेले, आस वाकलेला, चाके गंजाने अडकलेली. थोडी साधने आणि भरपूर सबुरी असेल, तर अशी गाडी घरच्या घरी पूर्ववत करता येते. मात्र, एकदा खरवडलेला मूळ रंग परत मिळत नाही. त्यामुळे गाडीला हात लावण्यापूर्वी ती कोणती, केव्हाची आणि किती मूळ अवस्थेत आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

गाडीच्या तळपट्टीवर बहुधा उत्पादकाचे नाव कोरलेले असते. ब्रिटनमधील लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ मध्ये 'डिंकी टॉईज' हे नाव रूढ केले. लंडनच्या लेस्नी कंपनीची 'मॅचबॉक्स' मालिका १९५३ मध्ये आली. आगपेटीएवढ्या खोक्यात मावणारी गाडी ही तिची ओळख. १९५६ मध्ये आलेल्या 'कॉर्गी'ने खिडक्यांना पारदर्शक काचा बसविल्या. अमेरिकेच्या 'हॉट व्हील्स' १९६८ च्या. लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला आणि १९८२ मध्ये लेस्नीचेही दिवाळे निघाले. डिंकीचे काही जुने साचे कोलकात्यात आले होते व त्यांतून 'निकी टॉईज' या नावाने गाड्या निघाल्या. झिजलेल्या साच्यांमुळे त्यांचे ओतकाम काहीसे ओबडधोबड असले, तरी भारतीय संग्राहकांना त्यांचे अप्रूप आहे.

या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम असते आणि अल्प प्रमाणात मॅग्नेशियम व तांबे. या धातूत शिशाची भेसळ राहिली, की दमट हवेत तो आतून पोखरला जातो, फुगतो, त्याला बारीक भेगा पडतात व अखेरीस त्याचा चुरा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक डिंकी गाड्यांची अशी वाताहत झाली आहे. या विकाराला उपाय नाही. भेगांचे जाळे दिसले, तर गाडी उघडूच नये. कोरड्या जागी ठेवावी. साधी मोडतोड मात्र दोन भागांच्या इपॉक्सीने सांधता येते. हा धातू ३८० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळू लागत असल्याने ज्योतीवर डाग देण्याचा मोह टाळावा.

तळपट्टी रिव्हेटने बसविलेली असते. रिव्हेटच्या मध्यावर टोच्याने खूण करून, प्रथम बारीक व नंतर थोड्या जाड ड्रिलने फक्त त्याचे डोके उडवावे. खालचा खांब शाबूत राहिला, तर त्यात आटे पाडून दोन मिलिमीटरचा स्क्रू बसविता येतो. घाईत खांब तुटला, तर ते दुखणे पुढे फार छळते. सुटे झालेले भाग क्रमाने मांडून त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. काच, आसने व टायर वेगळे केल्याशिवाय रंग काढण्याचे रसायन वापरू नये, कारण ते प्लॅस्टिक विरघळविते.

रंग काढण्यासाठी कॉस्टिक सोड्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो स्वस्त आहे, पण जस्त आणि ॲल्युमिनियम या दोहोंवर त्याचा परिणाम होतो. शिवाय हायड्रोजन वायू सुटतो. लेप देऊन पुसण्याचे तयार रसायन अधिक बरे, तेही उघड्या हवेत, हातमोजे व चष्मा घालून. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी आहे. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. खेळणी त्याआधीची कित्येक दशके रंगविली जात होती. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, पॉलिश पेपर पाण्यात भिजवूनच वापरावा. घरात लहान मूल असेल, तर हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर तर मुळीच नको.

उघडा धातू साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. त्यावर धातूला धरून राहणाऱ्या प्रायमरचा पातळ थर व नंतर रंगाचे दोन-तीन विरळ हात द्यावेत. जाड थराखाली दाराच्या कडा आणि जाळीचे बारीक नक्षीकाम बुजते. नवशिक्यांच्या बहुतेक गाड्या इथेच फसतात. कोकणपट्टीत पावसाळ्यात फवाऱ्याचा रंग पांढरट पडतो, तेव्हा हे काम हिवाळ्यापर्यंत थांबविलेले बरे. धुरकट काच धातूच्या पॉलिशने हलक्या हाताने उजळते.

नव्याने रंगविलेली गाडी कितीही देखणी झाली, तरी मूळ रंगातील, विशेषतः खोक्यासह असलेल्या गाडीची किंमत तिला सहसा येत नाही. दुर्मीळ गाडीवर चार टवके असतील, तर ते तसेच राहू द्यावेत. पुनर्रंगवलेली गाडी मूळ म्हणून विकणे ही तर शुद्ध फसवणूक. विक्री करताना बदललेल्या भागांची चिठ्ठी सोबत द्यावी आणि काढलेले जुने टायर व आस पाकिटात घालून गाडीबरोबरच ठेवावेत.