चौकट, चांदणी आणि ठिपका

मागच्या वैशाखात एका विद्यार्थ्याच्या गावी गेलो होतो. त्याच्या आजोबांनी फडक्याची पुरचुंडी सोडली आणि एक नाणे माझ्या हातावर ठेवले. गांधी जन्मशताब्दीचे, १९६९ चे, चांदीचे दहा रुपये! आजोबा म्हणाले, “गुरुजी, बाजारातला एक जण म्हनतो, दहाचं नाणं हाय, वीस देतो. द्यावं का?”

मी म्हटले, थांबा.

या नाण्यावर १९६९ हे साल शोधू नका. तिथे गांधीजींच्या आयुष्याची १८६९ आणि १९४८ हीच साले आहेत. वजन १५ ग्रॅम, त्यात चांदी शेकडा ८०, म्हणजे १२ ग्रॅम. चांदीचा त्या दिवसाचा ग्रॅमचा भाव बाराने गुणा, की निदान किंमत कळते. वीस रुपये कुठल्या कुठे!

त्यावरची किंमत मात्र टांकसाळीच्या खुणेवर ठरते. स्वतंत्र भारताने पहिली स्मारक नाणी काढली ती नेहरूंच्या निधनानंतर, १९६४ साली. रुपया आणि पन्नास पैसे. तेव्हापासून हा शोध चालू आहे. खूण सहसा सालाच्या खाली, टिंबाएवढी असते. पत्त्यांतल्या चौकटीसारखी असली तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, नुसता ठिपका असला तर नोएडा. ही टांकसाळ १९८८ ची, तेव्हा त्याआधीच्या नाण्यावर तो ठिपका नोएडाचा नव्हे. आणि काहीच नसेल तर? पुष्कळजण अशा नाण्याला खोटे समजतात. अहो, ते कलकत्त्याचे! कलकत्ता खूण करीतच नाही. गांधींचे दहा रुपये मुंबईच्या मानाने कलकत्त्याने फारच थोडे पाडले, म्हणून संग्राहक बिनखुणेचे आधी उचलतो.

याची उलटी बाजूही आहे. वैष्णोदेवीच्या साध्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, अशा आवया उठतात, आणि आधी ‘फी’ भरायला सांगतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली अशा फसवणुकीबद्दल लोकांना सावध केले होते. विकत घेणारा तुमच्याकडूनच पैसे मागतो, हे कुठले गिऱ्हाईक?

आजोबांच्या नाण्यावर प्रथम काहीच दिसेना. माझीही छाती जरा धडधडली. पण दर दिवाळीला चिंच आणि राख लावून ते लख्ख घासलेले! भिंग धरले, तेव्हा झिजलेली अर्धी चौकट दिसली. मुंबईचेच. घासले नसते तर चार पैसे जास्त आले असते, हे मी सांगितले.

आजोबांनी पुरचुंडी पुन्हा बांधली. म्हणाले, “आता चिंच लावत न्हाई.”