मेनोपॉजमध्ये हार्मोनच्या गोळ्या नकोत? मग 'नैसर्गिक' उपायांपैकी काय खरंच उपयोगी आहे आणि काय नाही?

रात्री दोन वाजता अचानक अंगातून गरम वाफा निघतात, मान-पाठ घामाने भिजते, छातीत धडधडतं आणि थोड्या वेळाने थंडी वाजते. चाळिशी-पन्नाशीतल्या अनेक महिलांना हा अनुभव येतो. मग व्हॉट्सॲपवर सल्ले सुरू होतात. कुणी शतावरी घ्यायला सांगतं, कुणी जवस खायला, कुणी एखादी महागडी पावडर मागवायला.

पण 'नैसर्गिक' म्हणजे 'गुणकारी' असं असतं का?

मेनोपॉज म्हणजे नेमकं काय?

सलग १२ महिने पाळी आली नाही आणि त्यामागे दुसरं कारण नसेल, तर मेनोपॉज म्हणजेच रजोनिवृत्ती झाली असं मानतात. पाश्चात्त्य देशांत हे सरासरी ५१व्या वर्षी होतं, भारतात साधारण ४६-४७व्या वर्षी.

या काळात इस्ट्रोजेन कमी होतं. त्यामुळे मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र जास्त संवेदनशील होतं. अंगाचं तापमान किंचित वाढलं तरी मेंदूला वाटतं, खूप गरम होतंय. मग तो घाम काढतो. हाच 'हॉट फ्लॅश'. हा त्रास चार-सहा महिन्यांचाच असतो असं नाही. अमेरिकेतल्या 'स्वान' या मोठ्या अभ्यासात वारंवार त्रास होणाऱ्या महिलांमध्ये तो साधारण ७.४ वर्षं टिकल्याचं दिसलं.

मग उपयोगी काय आहे?

'द नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटी' या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ मध्ये हार्मोनशिवायच्या उपायांचे पुरावे तपासले. हॉट फ्लॅशसाठी त्यांनी शिफारस केलेल्या उपायांपैकी काही असे:

• सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन. यामुळे वाफांची संख्या फार घटेलच असं नाही, पण त्यांचा त्रास कमी वाटतो.
• प्रशिक्षित तज्ज्ञाकडून क्लिनिकल हिप्नोसिस.
• वजन जास्त असल्यास ते कमी करणं.
• डॉक्टरांच्या सल्ल्याने काही बिनहार्मोनची औषधं, उदाहरणार्थ डिप्रेशनवर वापरली जाणारी काही औषधं कमी डोसमध्ये.

स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन सुरू असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. पॅरॉक्सेटिनसारखी औषधं त्याच्या कामात अडथळा आणू शकतात.

मग योगा, सोयाबीन, जवस यांचं काय?

इथे अनेकांना धक्का बसेल. याच तज्ज्ञांनी हॉट फ्लॅश कमी करण्यासाठी योगा, व्यायाम, सोया किंवा हर्बल सप्लिमेंट यांची शिफारस केलेली नाही. वाफा कमी होतात, असा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

पण मग शेजारच्या काकूंना गुण कसा आला? कारण अशा चाचण्यांमध्ये औषध नसलेली गोळी घेणाऱ्या महिलांचाही त्रास बऱ्यापैकी कमी होतो. शिवाय हा त्रास आपोआपही कमी-जास्त होत असतो.

म्हणून व्यायाम सोडायचा का? अजिबात नाही. इस्ट्रोजेन घटल्यावर हाडं वेगाने ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. चालणं आणि वजन उचलण्याचे व्यायाम त्यासाठी लागतातच. या वयात रोज सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठातून, म्हणजे साधारण दोन भाकऱ्यांतून, साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. बाकीचं दूध, दही, तीळ, पालेभाज्या यातून घेता येतं.

योनीमार्गात कोरडेपणा असेल, संबंधांच्या वेळी दुखत असेल, तर मेडिकलमध्ये बिनहार्मोनचे मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट मिळतात. लाजून सहन करत बसण्याची गरज नाही.

हर्बल आहे, म्हणजे अपाय नाही?

असं नाही. ब्लॅक कोहोश आणि अश्वगंधा घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अश्वगंधेचा थायरॉईडवरही परिणाम होऊ शकतो. काहीही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

हार्मोन टाळणं प्रत्येकीसाठी योग्य आहे का?

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा भाग स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढल्यामुळे थांबवला गेला, तेव्हापासून हार्मोन थेरपीची भीती बसली. स्तनाचा कॅन्सर झालेल्या किंवा रक्तात गुठळ्या होणाऱ्या महिलांना ती सहसा देत नाहीत. पण साठीच्या आतल्या, पाळी जाऊन १० वर्षं न झालेल्या बहुतेक निरोगी महिलांमध्ये फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो, असं आज तज्ज्ञ मानतात.

पिशवीच्या ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशयंही काढलेल्या महिलांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांचा मेनोपॉज एका दिवसात येतो. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीने सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंडाशयं ४५ वर्षांच्या आत काढली असतील, तर हाडं आणि हृदय वाचवण्यासाठी सहसा हार्मोन देण्याचाच सल्ला असतो. अशा वेळी फक्त घरगुती उपायांवर राहणं महागात पडू शकतं. तुमच्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय काढलं, हे कागदपत्रांत तपासून घ्या.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं?

• पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी एक डाग असला तरी.
• चाळिशीच्या आत पाळी बंद झाली.
• घामासोबत ताप येतोय किंवा वजन कारण नसताना घटतंय.
• झोप उडाली आहे, मन सतत उदास आहे.

'या वयात असं होतंच' म्हणून यातलं काहीही अंगावर काढू नका. आईला, मावशीला, वहिनीला हा लेख पाठवणार असाल, तर ही शेवटची यादी आवर्जून वाचायला सांगा.