अंगणात आलेली शाळा

गटाच्या बैठकीत आपण पुष्कळदा म्हणतो, "पोरांना महागाची खेळणी कुठून आणायची?" आज त्यावरच बोलू.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. शहरातल्या बालमंदिरांत माँटेसरी पद्धतीची साधनं असत, पण ती खेड्याला परवडणारी नव्हती. मग या दोघींनी शिंपले, बिया, पानं, खडे आणि माती हीच साधनं केली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. ती झाली अंगणवाडी!

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये गेलं. तिथं एक अडचण दिसली. आईबाप मजुरीला गेले की धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण घरी राहायची, तिची शाळा बुडायची. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी भरवली. तिला नाव दिलं विकासवाडी. धाकटं भावंड पाळणाघरात, थोरली वर्गात.

पुढे १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

तेव्हा मैत्रिणींनो, सुट्टीच्या दिवशी पोरांना ओढ्याकाठी न्या, चिंचोके मोजू द्या, मातीची बैलजोडी करू द्या. घरधन्यालाही सोबत घ्या. आणि धाकट्याला सांभाळायचं म्हणून थोरल्या लेकीची शाळा मात्र बुडवू नका.