दुभाष्या कोणाच्या मालकीचा?



मनमाड हे रेल्वेचे आणि हत्याराचे गाव. ज्या गावच्या कारखान्यात लोखंडी पुलांची कामे होतात, त्या गावाला हे सांगावयास नको की, हात कितीही कुशल असला तरी हत्यार दुसऱ्याच्या कुलपात असेल तर कारागिराचे काही चालत नाही. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद याच गावी भरली. हा कामगार जन्मभर गँगमनच राहतो, वरच्या जागेची वाट त्याला मोकळी नाही, हे गाऱ्हाणे तेथे उघडपणे मांडले गेले. विद्या आणि हत्यार कोणाच्या हाती, हा प्रश्न म्हणून आपल्या चांगला ओळखीचा आहे. तोच प्रश्न आज मी संगणकाच्या एका जुन्या भाषेविषयी विचारणार आहे. त्या भाषेचे नाव बेसिक.

संगणकाला कळतात ते केवळ विजेचे संकेत. माणसाने लिहिलेली आज्ञा त्याला समजावयाची तर मध्ये दुभाष्या लागतो. हा दुभाष्या म्हणजेही एक आज्ञावलीच. ती आपली ओळ वाचते, यंत्राला समजावते आणि मग पुढच्या ओळीकडे वळते. म्हणजे भाषा येऊनही भागत नाही. दुभाष्या जवळ नसेल तर शिकलेला माणूसही यंत्रापुढे मुकाच.

बेसिकचा जन्म अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात १ मे १९६४ रोजी पहाटे झाला. कामगार दिनाचा हा योगायोग मला मोठा गोड वाटतो. जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ हे गणिताचे दोन प्राध्यापक. संगणक केवळ शास्त्रज्ञांपुरता राहू नये, इतिहास-साहित्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. त्यांनी संपूर्ण आज्ञावली एकदम भाषांतरित करणारे साधन बनविले आणि ते विनामूल्य दिले.

पुढे १९७५ साली अल्टेअर नावाचा घरगुती संगणक निघाला. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी त्यासाठी बेसिकचा दुभाष्या लिहून विकावयास काढला. तो कागदी फितीवर येई. हौशी मंडळींनी फितीच्या नकला काढून वाटल्या. तेव्हा ३ फेब्रुवारी १९७६ च्या उघड्या पत्रात गेट्स यांनी, आमचे श्रम तुम्ही चोरता, अशी तक्रार केली.

कामगार चळवळीतल्या माणसाने येथे घाईने निकाल देऊ नये. घाम गाळणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे, हे आपलेच तत्त्व. पण हत्यार सर्वांच्या हाती यावे, हेही आपलेच तत्त्व! या दोहोंतून वाट कशी काढावयाची?

ती वाट कॅलिफोर्नियातील काही लोकांनी दाखविली. डेनिस ॲलिसन यांनी 'टायनी बेसिक' या लहानशा भाषेचा आराखडा छापून प्रसिद्ध केला. वाचकांनी आपापले दुभाषे लिहिले आणि त्यांची पूर्ण संहिता १९७६ साली मासिकातून छापून आली. अवघ्या दोन-तीन किलोबाइट स्मृतीत ते मावत. कोणाचे काही चोरले नाही. आपल्या श्रमाने केले आणि आपण होऊन वाटले. आपल्या महाराष्ट्रात याला सहकार म्हणतात.

आता आपल्या देशाकडे वळू. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागला, तेव्हा कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला. नोकरी जाईल ही भीती खरी होती. पण यंत्राची भाषा आपण शिकावी काय, हा प्रश्न त्या धुमाळीत मागे पडला. १९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांसाठी संगणक साक्षरतेची योजना काढली आणि ब्रिटनचे 'बीबीसी मायक्रो' संगणक आणले. त्यात बेसिकचा दुभाष्या चकतीवर नव्हे, यंत्रातल्याच चिपेत कायमचा बसविलेला होता. यंत्र सुरू करताच तो हजर! मात्र यंत्र मोडीत निघाले की दुभाष्याही त्याबरोबर गेला. कार्यालयांतल्या संगणकांवर जीडब्ल्यू-बेसिक आले, १९९१ पासून क्यूबेसिक आले आणि पुढच्या यंत्रांतून तेही नाहीसे झाले. पुस्तके फळीवर राहिली, धडे वह्यांत राहिले. ऐकणारे कोणी उरले नाही.

हे धडे पुन्हा बोलते केले ते फुकट दुभाष्यांनी. 'बायवॉटर बेसिक', जीडब्ल्यू-बेसिकची जुनी आज्ञावली चालविणारे 'पीसी-बेसिक', बीबीसीच्या धड्यांसाठी 'ब्रँडी', हे सारे विनामूल्य आहेत आणि त्यांची संहिता कोणालाही वाचता येते, सुधारता येते. मे २०२० मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने जीडब्ल्यू-बेसिकची १९८३ सालची संहिता अभ्यासासाठी खुली केली. ४४ वर्षांपूर्वी ज्या घरातून तक्रारीचे पत्र निघाले, त्याच घराने हे कुलूप काढले.

कोणी म्हणेल, जुनी भाषा आता काय कामाची? नव्या भाषाही फुकट मिळतात. त्या अवश्य शिकाव्यात. पण जादा कामाचे तास घ्या, त्यांना दुप्पट दराने गुणा, मूळ पगारात मिळवा आणि उत्तर छापा, एवढे बेसिकच्या चार-पाच ओळींत होते. आपल्या पगारपत्रकाचा हिशेब यंत्राकडून स्वतः करून घेणारा कामगार कारकुनाच्या शब्दावर अवलंबून राहत नाही.

म्हणून गावच्या वाचनालयांना माझी विनंती आहे. एखादा वापरून टाकलेला संगणक मिळवा, त्यावर यांतला एक दुभाष्या बसवा, शेजारी जुनी पुस्तके ठेवा आणि संध्याकाळी दोन तास ते दालन उघडे ठेवा. दुभाष्याला पैसा पडणार नाही. शिकविणारा मात्र आपल्यातूनच उभा राहावा लागेल.