जोशी, गणपतराव
(१८६७–१९२२). मराठी गद्य रंगभूमीवरील थोर नट. शाहूनगरवासी नाटक मंडळीत, आगरकरकृत ‘विकारविलसित’ (१८८३) या ‘हॅम्लेट’च्या रूपांतरातील चंद्रसेन त्यांनी अशा तन्मयतेने उभा केला, की रसिकांनी त्यांना ‘महाराष्ट्राचे गॅरिक’ हा किताब बहाल केला. परंतु संगीत नाटकांचा अंमल वाढत असता एकही पद न गाता, केवळ शब्दफेक, स्वरांचे चढउतार व मुद्राभिनय यांवर प्रेक्षागृह खिळवून ठेवणे, ही कामगिरी त्या किताबाहूनही मोलाची म्हटली पाहिजे. स्त्रीभूमिका करणाऱ्या बळवंतराव जोगांची त्यांना उत्तम साथ लाभली. ‘झुंझारराव’ नाटकात नायकाच्या संशयाने पेटणारे गणपतराव तुकारामाची सात्त्विक भूमिकाही तितक्याच सहजतेने वठवीत. ‘राणा भीमदेव’मधील त्यांची वीरगर्जना मात्र अनुकरणकर्त्यांच्या तोंडी नुसता आरडाओरडा होऊन बसली.