दोन खांबांची भट्टी आणि तब्येतीचा वाद

एनीअस कॉफी हा आयर्लंडच्या अबकारी खात्यातला बडा अधिकारी. चोरून दारू गाळणाऱ्यांच्या मागावर असताना 1810 मध्ये डोनेगलमध्ये जमावाने त्याला मारून मारून अर्धमेला केले होते. 1824 मध्ये त्याने नोकरी सोडली आणि 1830 मध्ये चक्क एका भट्टीचे पेटंट घेतले. या भट्टीवरून व्हिस्कीच्या धंद्यात पुढे जवळपास ऐंशी वर्षे भांडण धुमसत राहिले. वादात शुद्धता, अस्सलपणा आणि पिणाऱ्याची तब्येत यांचा घोष होता. माझ्या मते मुळात तो इंधनाच्या हिशेबाचा झगडा होता.

जुन्या पद्धतीत तांब्याच्या हंड्यात धान्याचे आंबवण उकळायचे आणि वाफ नागमोडी नळीतून थंड पाण्याच्या पिंपात उतरवायची. 20 अंशांचे पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळजवळ सातपट त्याच पाण्याची वाफ करायला लागते. ही सुप्त उष्णता जोसेफ ब्लॅकने ग्लासगोत 1760 च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखली होती. हंड्याच्या भट्टीत ती सगळी पिंपातल्या पाण्यात जाई, पाणी कढत होई आणि ओतून दिले जाई. असे दोनदा, आयर्लंडमध्ये बहुधा तीनदा. शिवाय दर खेपेला हंडा रिकामा करून पुन्हा भरायचा. कॉफीने दोन उंच खांब शेजारी-शेजारी उभे केले. एका खांबातून नागमोडी नळी वरून खाली येते आणि तिच्यातून थंड आंबवण वाहते. नळीभोवती मद्याची गरम वाफ वर चढत असते. वाफ थंडावते, आंबवण तापते. जवळजवळ उकळीला आलेले हे आंबवण दुसऱ्या खांबाच्या माथ्यावर सोडले की ते भोके पाडलेल्या पत्र्यांवरून खाली झिरपते आणि खालून येणारी पाण्याची वाफ त्यातले मद्य ओढून घेते. तीच मद्याची वाफ मग पहिल्या खांबाच्या तळाशी जाते. थंड करणारा आणि तापणारा पदार्थ एकच. आज याला आपण हीट एक्स्चेंजर म्हणतो. कॉफी पहिला नव्हता. फ्रान्समध्ये सेलिए-ब्लुमेंथालने 1813 मध्ये आणि स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट स्टाइनने 1828 मध्ये अखंड चालणाऱ्या भट्ट्यांची पेटंटे घेतली होती. टिकली ती कॉफीची. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल काढणारे कॉलम याच कुळातले.

उष्णता वाचवणे एवढे फायद्याचे होते, तर ब्रिटनमध्ये आधी कोणी का वाचवली नाही? याचे उत्तर कराच्या कायद्यात सापडते. 1786 नंतर स्कॉटलंडच्या सखल भागात कर आकारला जाई तो भट्टीच्या मापावर. तेव्हा दारू गाळणाऱ्यांनी काय केले? हंडे पसरट आणि उथळ केले, खाली आग धडाडून लावली आणि काही मिनिटांत एकेक घाणा उरकू लागले. कर वाचत होता, मग कोळसा जळेना का! 1823 च्या कायद्याने माफक परवाना फी ठेवून मुख्य कर निघालेल्या दारूवर बसवला आणि भट्टी रेटण्यातली मजा गेली. त्यानंतर सातच वर्षांत कॉफीचे पेटंट आले, हा मला योगायोग वाटत नाही.

यावर आक्षेप असा की खांबांची भट्टी जिंकली ती स्वस्त धान्यामुळे. तिच्यात माल्ट न केलेले धान्य, पुढे आयात मका चालत असे. मुद्दा खरा आहे, पण अपुरा. डब्लिनचे हंडेवालेही माल्टवरचा कर चुकवायला कच्ची बार्ली वापरतच होते. धान्याचा लाभ थोडाफार दोघांनाही होता, वाफेचा फक्त एकाला.

मग हरणाऱ्यांनी तब्येतीचा झेंडा उभारला. 1878 मध्ये डब्लिनच्या चार मोठ्या कंपन्यांनी पुस्तक काढून नव्या दारूला व्हिस्की म्हणणे ही फसवणूक ठरवली. 1905 मध्ये अशी दारू व्हिस्की म्हणून विकल्याबद्दल लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या विक्रेत्यांवर खटले झाले. अखेर 1909 मध्ये शाही आयोगाने निर्वाळा दिला की भट्टीच्या आकाराचा दारूच्या आरोग्यदायी असण्या-नसण्याशी संबंध असल्याचा पुरावा पुढे आला नाही. आज शरीररसायनही तेच सांगते. खांबांच्या भट्टीतल्या दारूत फ्युसेल तेले, म्हणजे इथेनॉलहून जड अल्कोहोले, कमी असतात, हे खरे. पण यकृताला मुख्यतः तोंड द्यावे लागते ते इथेनॉललाच. त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड होते, मग अ‍ॅसिटेट, आणि या खटाटोपात चरबी जाळण्याचे काम मागे पडून ती यकृतात साचते.

दोष इथेनॉल सोडून दुसऱ्या कशावर तरी ढकलण्याची ही खोड अजून गेलेली नाही. फक्त भट्टीच्या जागी गोळी आली. यकृतासाठी खपणाऱ्या मिल्क थिसलच्या अर्काने मृत्यू कमी होतात, असे दर्जेदार चाचण्यांत दिसलेले नाही. थायमिनचे तसे नाही: अति मद्यपानाने त्याची कमतरता होते, ती मेंदूला घातक ठरते आणि वेळेवर दिलेले थायमिन रुग्णाला वाचवू शकते. ते त्या कमतरतेवरचे औषध आहे, पेल्यातल्या इथेनॉलवरचे नाही.